आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी : प्राणाग्नीचा शोधक

आपण अन्न खातो व श्वास घेतो. त्यामुळे देह ऊबदार राहतो. परंतु ज्वाला नसता हे ज्वलन चालते तरी कसे? ह्या एका प्रश्नापायी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी ह्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म हंगेरीतील बुडापेस्ट शहरी १६ सप्टेंबर १८९३ रोजी झाला. बाळपणी ते अभ्यासात मंद होते. त्यांचे मामा शारीरशास्त्राचे नामांकित अध्यापक. त्यांस भाच्याच्या बुद्धीविषयी मुळीच भरवसा नव्हता. पुढे मात्र वाचनाची गोडी लागून आल्बर्ट वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले. रणांगणावर शौर्याबद्दल त्यांस पदक मिळाले. परंतु तो व्यर्थ नरसंहार असह्य होऊन १९१६ साली त्यांनी आपल्याच दंडावर गोळी झाडून घेतली व घरी परतून १९१७ साली पदवी मिळविली. ही कृती योग्य की अयोग्य, ह्याविषयी मतभेद होतील. पण युद्धाविषयीचा त्यांचा तिटकारा जन्मभर टिकला.

चिरलेला बटाटा काळा पडतो, लिंबू मात्र पडत नाही, हे आपण स्वयंपाकघरात नित्य पाहतो. सेंट-ज्यॉर्जी ह्यांनी त्याचे कारण शोधिले. केंब्रिज येथे त्यांनी एक नवे अम्लद्रव्य वेगळे केले. पुढे सेगेद येथील विद्यापीठात असता, १९३२ साली, तेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे प्रयोगांती ठरले. सेगेद हा लाल मिरचीचा प्रांत. त्या मिरचीत हे द्रव्य विपुल असल्याचे आढळून काही आठवड्यांतच ते किलोहून अधिक हाती आले. हे द्रव्य आपले इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋणविद्युत्कण, सहज देऊन टाकते, म्हणूनच ते इतर पदार्थांस काळे पडू देत नाही.

श्वसनाचे मर्मही ह्याच देवघेवीत आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीतील लोहयुक्त प्रथिनांच्या हातून हाती जात शेवटी प्राणवायूस मिळतात व पाणी बनते. उंचावरून एकदम कोसळणारे पाणी नासधूस करिते; तेच पायरीपायरीने उतरविले तर पाणचक्की फिरविते. तद्वत् इलेक्ट्रॉन क्रमाक्रमाने उतरत असता सुटणारी शक्ती पेशी साठवून ठेविते. वनस्पतीत सूर्यप्रकाश त्या कणांस वर उचलतो. प्राण्यांत ते खाली उतरतात. ह्या साखळीचे अनेक दुवे अनेकांनी जोडले. कबुतराच्या स्नायूंवर प्रयोग करून सेंट-ज्यॉर्जी ह्यांनी जे दुवे उजेडात आणिले, त्यांबद्दल व ‘क’ जीवनसत्त्वाबद्दल त्यांस १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४० साली रशियाशी झुंजणाऱ्या फिनलंडच्या साहाय्यार्थ त्यांनी ते सुवर्णपदकही देऊन टाकिले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूल येथे जाऊन त्यांनी दोस्तराष्ट्रांशी गुप्त बोलणी केली. हे कळताच हिटलर संतप्त झाला व त्यांस लपून राहावे लागले. १९४७ साली ते अमेरिकेत गेले आणि वुड्स होल ह्या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाले.

प्रथिनांतून इलेक्ट्रॉन दूरवर वाहत असावेत, अशी कल्पना त्यांनी १९४१ सालीच मांडली होती. पुढे कर्करोगाचे मूळही इलेक्ट्रॉनांच्या बिघाडात असावे असे मानून वार्धक्यातही ते प्रयोग करीत राहिले. त्या उपपत्तीस शास्त्रज्ञांची मान्यता मिळाली नाही. मात्र प्रथिनांतून इलेक्ट्रॉनांचे वहन होते, ही गोष्ट आज सिद्ध आहे. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल येथेच त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात मागे असलेल्या ह्या मुलाने पुढे प्राण्यापासून पेशीपर्यंत व पेशीपासून इलेक्ट्रॉनापर्यंत शोध नेला. मिळालेल्या मानावर ते विसावले नाहीत आणि अपयशाच्या भीतीने थांबले नाहीत. आपल्या प्रत्येक श्वासामागे चाललेले ते सूक्ष्म कार्य मनात आणून आपणही त्यांची ही चिकाटी अंगी बाणवावी.