पी.टी.च्या सरांचे सर : हॅरी बक

गणिताच्या सरांना गणित कोणी शिकवले, असा प्रश्न आपल्याला शाळेत कधी पडला नाही. पण पी.टी.च्या सरांना रिलेचा बॅटन कसा द्यायचा, लांब उडीत पाटीवर पाऊल कसे पाडायचे, हे कोणी शिकवले असेल? त्याचा माग काढत गेलो, तर आपण हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसापाशी पोहोचतो. भारतातील शारीरिक शिक्षणाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

या कहाणीचा एक धागा आपल्या पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९१९ च्या सुमारास तिथल्या शर्यतीत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहिली. त्यांचा वेग युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारा होता. दोराबजींच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे धावून १९ वे आले. साताऱ्याचे सदाशिव दातारही त्या शर्यतीत होते. पायात बळ होते, जिद्दही होती. पण असे पाय घडवणारा प्रशिक्षक तेव्हा गावोगावी कुठून असणार?

नेमक्या त्याच वर्षी, १९२० मध्ये, बक यांनी मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. त्यांचा जन्म १८८४ चा, पेनसिल्व्हेनियातला. शिक्षण स्प्रिंगफील्डच्या कॉलेजात झाले. बास्केटबॉलचा शोध याच संस्थेत लागला. १९१९ मध्ये ते भारतात आले. तेव्हा आपल्या शाळांत कवायत घेत ते बहुधा लष्करातून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर. हुकूम सोडायचा, चुकले की छडी. बक यांनी या कामाला अभ्यासाचे रूप दिले. शरीराची रचना, खेळांचे नियम, सामने भरवण्याची पद्धत हे सगळे शिकून शिक्षक बाहेर पडू लागले. ॲथलेटिक्सबरोबर त्यांनी आपल्या देशी खेळांना आणि व्यायामप्रकारांनाही जागा दिली. नियमांचे पुस्तक लिहिले, ‘व्यायाम’ नावाचे नियतकालिक काढले.

प्रशिक्षक म्हणूनही ते मैदानात होते. दोराबजींच्या पाठबळावर ते आणि डॉ. नोहरेन प्रांतोप्रांती ऑलिम्पिक संघटना उभ्या राहाव्यात म्हणून झटले. १९२४ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय स्पर्धा झाल्या. त्यातून निवडलेल्या आठ ॲथलीटना घेऊन बक पॅरिस ऑलिम्पिकला गेले. पदक आले नाही. म्हणून बक यांनी मद्रासचे काम सोडले नाही. १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ पाव शतक, ते शिक्षक घडवत राहिले. दरम्यान १९३८ मध्ये मुंबई प्रांत सरकारनेही कांदिवलीला अशीच संस्था काढली, आणि शिट्टी गळ्यात अडकवलेले प्रशिक्षित सर महाराष्ट्रातल्या शाळांत दिसू लागले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखादी गोष्ट एकदा करून दाखवण्याला फारसे मोल नसते; ती हजार ठिकाणी तशीच चालली पाहिजे. बक यांचे मोठेपण मला तिथे दिसते. एक विजेता घडवण्यापेक्षा त्यांनी विजेते घडवू शकतील अशी माणसे घडवली.

आज शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर पहाटे भरतीची मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. बाजूला ऊस, उसात बिबट्या, मागून ट्रक. कोणी वेळ लावणारे नाही, पाऊल सुधारणारे नाही. शंभर वर्षांपूर्वीचे अनवाणी पाय आणि हे पाय यांत फरक फक्त बुटांचा.

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने आपण शाळेला काही द्यायचे म्हटले, की संगणकांचे नाव आधी येते. माझा व्यवसायच तो, तरीही माझे मत मैदानाला आहे. आखलेला ट्रॅक, उडीसाठी वाळूचा खड्डा आणि परीक्षा जवळ आली की गणिताला न देता राखलेला पी.टी.चा तास. आपल्या सरांचे ऋण फेडायचे असेल, तर मला याहून चांगला मार्ग दिसत नाही.