आजचं चिंतन : समदर्शन आणि पालवणकर बाळू



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८.

विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजानं दूर लोटलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी सारख्याच नजरेनं बघतो, असा या श्लोकाचा भाव. पाठ करायला सोपा, पण आचरणात नेमका कुठे अडतो? हे मला एका क्रिकेटपटूच्या आयुष्यावरून कळलं. आमच्या पूर्णगडातल्या पोरांना आजच्या गोलंदाजांची नावं तोंडपाठ आहेत, पण पालवणकर बाळू कोण असं विचारलं तर नुसत्या माना हलवतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आडनाव आपल्या कोकणातलं, जन्म मात्र १८७६ चा, धारवाडचा. चांभार कुटुंब, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात बाळू महिना तीन रुपयांवर कामाला लागले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात पगार चार रुपये झाला. तिथे ते सरावाला चेंडू टाकू लागले. डावखुरी, संथ फिरकी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याच चेंडूंवर तासन् तास सराव करायचा. बाळूंनी बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

मग पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी घेतलं. आता खरा मुद्दा ऐका. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे, त्यावर झेल पकडायचे. पण चहाची वेळ झाली की सगळे आत आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागाही वेगळी.

पुढे ते मुंबईला आले. तिथे हिंदू जिमखान्यात हा विटाळ बराच सैल झाला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. संघ वारंवार हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरुण आंबेडकरांना या माणसाचा फार अभिमान वाटायचा. पुढे राजकारणात दोघांचे रस्ते वेगळे झाले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, ही गोष्टही त्यांच्या आयुष्यातलीच.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. थोरल्या भावाला जे नाकारलं होतं ते धाकट्याला मिळालं. ४ जुलै १९५५ ला बाळू गेले. नंतर बराच काळ त्यांचं नाव विस्मरणात होतं. रामचंद्र गुहा यांच्या लेखनामुळे ते पुन्हा लोकांसमोर आलं.

आता परत श्लोकाकडे येऊ. त्या संघाला बाळूंचे बळी हवे होते, म्हणून मैदानावर नजर सारखी झाली. चहाला बळींची गरज नव्हती, तिथे नजर पुन्हा पहिल्यासारखी. याला समदर्शन म्हणायचं का? मला नाही वाटत. श्लोकात नावं घेतलीत त्यातला कोण किती उपयोगाचा, असा हिशेबच नाही. कुत्र्यानं आधी काहीतरी करून दाखवावं, मग त्याला सम मानू, असं गीता म्हणत नाही. गुणांचं कौतुक ही चांगलीच गोष्ट. पण गुण दिसल्यावरच माणूस दिसत असेल, तर नजरेत अजून खोट आहे. बाळूंना माणूस म्हणून पंगतीत बसायला आठ बळी का घ्यावे लागावेत?

आणि हे फक्त शंभर वर्षांपूर्वीचं समजू नका. हंगामात कलमांच्या राखणीला नेपाळहून माणसं येतात. रात्र रात्र जागून आपला आंबा सांभाळतात. त्यांच्या चहाचा कप आपल्या घरात कुठे ठेवलेला असतो? आतल्या फळीवर सगळ्यांच्या कपांत, की पडवीच्या कोपऱ्यात पालथा? ज्याचं त्यानं आज उठून बघावं.

आजचा संकल्प : घरी कामाला येणाऱ्याला आपल्याच कपात चहा द्यायचा, आणि त्याच्याजवळ बसून आपणही प्यायचा.

प्रार्थना : देवा, कुणाचा उपयोग दिसण्याआधी मला त्याच्यातला तू दिसू दे.

राम कृष्ण हरि.