नोबेल मिळालं, पण शोध चुकीचा निघाला! कोण होते योहानेस फिबिगर?

नोबेल मिळालं म्हणजे शोध पक्का, असं आपण धरून चालतो. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

फिबिगर यांचा जन्म १८६७ चा. डॉक्टर झाल्यावर त्यांनी कोपनहेगनमध्ये घटसर्पावरच्या सिरमची चाचणी घेतली. एका दिवशी दाखल झालेल्यांना सिरम, दुसऱ्या दिवशीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. सिरम घेतलेल्या २३९ पैकी ८ जण दगावले, न घेतलेल्या २४५ पैकी ३०. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी आजही आदर्श मानली जाते.

उंदीर, झुरळं आणि जंत

१९०७ मध्ये क्षयावर काम करताना त्यांना ३ उंदरांच्या पोटात गाठी दिसल्या. गाठींमध्ये जंत होते. तसे आणखी उंदीर शोधायला त्यांनी हजाराहून जास्त उंदीर तपासले. शेवटी कोपनहेगनच्या एका साखर कारखान्यात ते सापडले. तिथली झुरळं खाऊन जंत उंदरांच्या पोटात जात होते.

मग फिबिगर यांनी निरोगी उंदरांना जंत असलेली झुरळं खाऊ घातली आणि पोटात गाठी तयार झाल्या. १९१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की जंतामुळे कर्करोग होतो. प्रयोगशाळेत कर्करोग घडवता येतो, ही त्या काळी मोठीच बातमी होती. त्यासाठी त्यांना १९२६ चं नोबेल मिळालं.

चूक कुठे झाली?

उंदरांना खायला मुख्यतः पांढरा पाव आणि पाणी मिळायचं. त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नव्हतंच. १९५२ मध्ये हिचकॉक आणि बेल या अमेरिकी संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला. जंत आणि जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे पोटाचं अस्तर जाड होतं, तो कर्करोग नव्हे, असं त्यांना दिसलं. शिवाय या गाठी उंदराच्या पोटाच्या ज्या पुढच्या भागात होत्या, तो भाग माणसाला नसतोच.

माणसांवरच्या चाचणीत तुलना इतकी काटेकोर ठेवणाऱ्या फिबिगर यांच्याकडून उंदरांच्या आहाराची तुलना मात्र राहून गेली. हे त्यांना कधीच कळलं नाही. जानेवारी १९२८ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता.

आज याचं काय?

पोटाच्या दर १० पैकी साधारण एका कर्करोगात एपस्टाईन-बार विषाणू सापडतो. तो साध्या उंदराला लागत नाही. म्हणून माणसाच्या प्रतिकारपेशी बसवलेले उंदीर वापरतात. पण त्यांनाही बहुतेकदा लिम्फोमासारख्या गाठी होतात, पोटाचा कर्करोग नाही. उंदरात जे दिसतं ते माणसाचाच आजार आहे का, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.