संत बेसिल आणि भुकेल्यांचा वाटा



आजच्या तुर्कस्तानातील कैसरिया येथे सुमारे ३३० साली एका सधन ख्रिस्ती घराण्यात संत बेसिल जन्मले. अथेन्सला शिकून आल्यावर बहीण मॅक्रिना हिच्या प्रभावाने त्यांनी साधे जीवन पत्करले व पुढे धर्मगुरू झाले. ३६९च्या सुमारास दुष्काळ पडला. धनिकांनी कोठारे बंद ठेवली. भाव चढण्याची वाट पाहू लागले. गरजेपेक्षा जास्त साठवलेले धान्य भुकेल्याचे आहे आणि ते अडवून ठेवणे ही चोरी आहे, असे बेसिलनी प्रवचनात ठणकावले. अन्नछत्र उघडून ते स्वतः वाढू लागले. ३७० साली बिशप झाल्यावर त्यांनी शहराबाहेर रुग्ण व गरिबांसाठी आश्रयस्थान उभारले. गरिबाच्या अडचणीवर व्याज कमावणेही त्यांनी पाप मानले.

आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये कातकरी कुटुंबे पावसाळ्यात पोटासाठी उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन ती फेडत बसतात. मुलांची शाळा सुटते. वेठबिगारीवर १९७६च्या कायद्याने बंदी आहे; पण अडलेल्याला नडण्याची वृत्ती कायद्याने जात नाही. ती आपल्यात आहे का, हे प्रत्येकाने तपासावे. शेजाऱ्याला आजारपणात दिलेल्या पैशांवर निदान आपण तरी व्याज घेऊ नये. २ जानेवारीला संत बेसिल यांचा सण असतो; त्याआधी एखाद्याचे व्याज सोडून द्या.