विश्लेषण : रक्ताच्या कर्करोगात गुणसूत्रांची तपासणी का करतात? कोण होते थिओडोर बोव्हेरी?

रक्ताच्या कर्करोगाचा संशय आला की डॉक्टर अनेकदा अस्थिमज्जेचा नमुना घेऊन गुणसूत्रांची तपासणी करायला सांगतात. कर्करोगाचे मूळ पेशीतील बिघडलेल्या गुणसूत्रांत असू शकते, हा विचार शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सविस्तर मांडला तो थिओडोर बोव्हेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने. माणसाच्या पेशीत नेमकी किती गुणसूत्रे असतात, हेही तेव्हा निश्चित नव्हते.

कोण होते बोव्हेरी?

बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी बॅम्बर्ग येथे झाला. म्युनिकमध्ये त्यांनी सुरुवातीला इतिहास आणि तत्त्वज्ञान घेतले, पण लवकरच ते शरीररचनाशास्त्राकडे वळले. १८९३ मध्ये ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १८९७ मध्ये त्यांनी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मार्सेला ओ'ग्रेडी यांच्याशी विवाह केला. प्रयोगांतही त्या त्यांच्या सहकारी होत्या.

प्रयोग काय होता?

बोव्हेरी यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची अंडी निवडली. एका अंड्यात एकाऐवजी दोन शुक्राणू शिरले, तर ते अंडे दोनऐवजी एकदम चार पेशींत विभागले जाते. अशा वेळी गुणसूत्रांची वाटणी चुकते. कोणत्या पेशीला जास्त मिळतात, तर कोणत्या पेशीला काही मिळतच नाहीत. असे बहुतेक भ्रूण विकृत होऊन मरत. प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे असते आणि निरोगी वाढीसाठी पूर्ण संच लागतो, असा निष्कर्ष त्यांनी १९०२ मध्ये मांडला.

कर्करोगाशी संबंध कसा जोडला?

१९१४ मध्ये त्यांनी घातक गाठींवर पुस्तक लिहिले. वाटणी चुकलेल्या बहुतेक पेशी मरतात, पण एखादी जगते आणि थांबायचे विसरून वाढतच राहते, असा त्यांचा तर्क होता. मात्र गाठींवर त्यांनी स्वतः प्रयोग केले नव्हते, त्यामुळे अनेकांनी हा विचार गांभीर्याने घेतला नाही. प्रकृती साथ देत नसल्याने बर्लिनमधील नव्या संस्थेचे संचालकपदही त्यांनी १९१३ मध्ये नाकारले होते. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे १९२९ मध्ये मार्सेला यांनी केलेला पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

पुरावा कधी मिळाला?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये स्पष्ट झाले. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने हे घडते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. म्हणजे इथे बोव्हेरींच्या प्रयोगासारखी संख्या चुकत नाही, तर तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात. पण दोष गुणसूत्रात असतो, हा त्यांचा मूळ मुद्दा खरा ठरला.

रुग्णाला उपयोग काय?

या अदलाबदलीतून तयार होणारे प्रथिन पेशीला सतत वाढायला लावते. ते रोखणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली. रक्ताच्या इतर काही आजारांतही गुणसूत्रांतील विशिष्ट बदल पाहूनच आजाराचा प्रकार, त्याची तीव्रता आणि उपचार ठरवले जातात.