डॉ. वसंत रामजी खानोलकर : रोगाचा माग काढणारा शास्त्रज्ञ

मार्केट यार्डात पहाटे गाड्या खाली होऊ लागल्या की गाळ्यापुढे काटा लागतो आणि पोत्यापोत्याची नोंद वहीत होते. याच यार्डालगतच्या आमच्या वस्तीत एक वृद्ध हमाल वर्षभर खोकत खोकत वारले. जन्मभर त्यांनी विड्या ओढल्या होत्या. सारे जण क्षय झाला असे म्हणत. पण नीट तपासणी कधी झालीच नाही. त्यांनी वाहिलेली पोती वहीत राहिली, त्यांचा रोग मात्र कोठेच नोंदला गेला नाही. ही खंत मनात असतानाच डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या कार्याची माहिती वाचनात आली. रोगाशी लढायचे तर आधी तो कोणाला, कोठे आणि कशाने होतो याचा हिशेब मांडला पाहिजे, हे त्यांच्या जीवनावरून कळते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी घेतली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी हाच विषय शिकविला. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

विकृतिशास्त्रज्ञाचे काम म्हणजे रोग्याच्या शरीरातील पेशीजालाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे. खानोलकर मात्र काचपट्टीपाशी थांबले नाहीत. हा माणूस कोणत्या प्रांतातला, काय नेसतो, तंबाखू खातो की ओढतो, अशी चौकशी त्यांनी चालविली. १९४५ साली सूर्याबाई या सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन केले. घट्ट धोतराच्या काचण्याने कमरेच्या कातडीला होणारा एक. जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा दुसरा. आणि तंबाखू-चुन्याची खैनी ओठामागे ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी होणारा तिसरा. कर्करोग हा केवळ दैवाचा घाला नसून त्याला कारणे असतात, आणि कारण सापडले तर तो टाळताही येईल, हा केवढा मोठा दिलासा होता!

त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत फुप्फुसाचा कर्करोग झपाट्याने वाढत होता. १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी त्याचा धूम्रपानाशी असलेला संबंध दाखवून दिला. आपल्याकडे तो रोग विरळ समजला जाई. येथे तोंडाचे व घशाचे कर्करोगच अधिक दिसत. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. संघवी व राव यांच्यासह त्यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाचा, तर ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाचा व घशाचा कर्करोग अधिक होतो, असे त्यात रोगी आणि निरोगी माणसांची तुलना करून दाखविले होते.

परंतु रुग्णालयातील आकड्यांना एक मर्यादा असते. एका गाळ्यावर किती पोती उतरली यावरून साऱ्या जिल्ह्याचे पीक कळत नाही. तसेच रुग्णालयात आलेल्यांवरून साऱ्या लोकसंख्येतील रोगाचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी विशिष्ट भागातील प्रत्येक रोग्याची नोंद ठेवून दर लाख वस्तीमागे प्रमाण काढावे लागते. भारतीय कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत अशी नोंदणी सुरू केली, ती देशातील पहिली. पुढे पुण्यातही ती सुरू झाली आणि १९८२ पासून राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाची आकडेवारी गोळा होऊ लागली. मुंबईतील माहितीवरून १९७९ साली जस्सावाला व जैन यांनी दाखवून दिले, की फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत विडी सिगारेटहून सौम्य नाही. गरिबाची विडी निरुपद्रवी, ही समजूत खोटी ठरली.

खानोलकरांना पद्मभूषण मिळाले, १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज भारतीय पुरुषांतील प्रमुख कर्करोगांत फुप्फुसाचा कर्करोग मोडतो. अनेक शहरांत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढत आहे, आणि धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो होताना दिसतो. चुलीचा धूर आणि दूषित हवा यांचाही त्यात वाटा आहे. क्षय समजून उपचार चालू राहिल्याने निदानास उशीर होणे ही तर नेहमीचीच गोष्ट. म्हणजे माग काढण्याचे काम संपलेले नाही.

आमच्या वस्तीतील त्या हमालबाबांना नेमके काय झाले होते, हे आता कळणार नाही. पण यापुढे कोणी असा महिनोन् महिने खोकत असेल, तर त्याला वेळीच तपासणीला नेणे एवढे तरी आपण शिकलेल्या मुलांनी करावे. त्याचे प्राण वाचले तर उत्तमच. न वाचले तरी त्याची नोंद होईल, आणि ती पुढच्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. डॉ. खानोलकरांचे खरे स्मारक तेच होय.