कीटकसृष्टीचा उपासक

वाटेवरचा किडा दिसला की आपण त्याला पायाने दूर सारतो आणि पुढे चालू लागतो. फ्रान्स देशात मात्र एक असा पुरुष होऊन गेला, की जो अशा किड्यापाशी उन्हातान्हात तासन्‌तास बसून राही. त्या क्षुद्र जिवाच्या हालचालींत त्याला परमेश्वराच्या अगाध बुद्धीचे दर्शन घडे. त्याचे नाव जाँ आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म 1823 साली दक्षिण फ्रान्समधील सँ-लेओं या डोंगराळ खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी होती. त्यामुळे बालपणीची काही वर्षे आंरी आजी-आजोबांच्या शेतावर वाढला. तेथे गुरे, मेंढ्या आणि माळरान हेच त्याचे सोबती होते. सूर्याचा प्रकाश आपल्याला डोळ्यांनी दिसतो की तोंडाने, असा प्रश्न एकदा त्या बालकाला पडला. त्याने सूर्यासमोर उभे राहून आधी डोळे मिटले व तोंड उघडले. मग तोंड मिटले व डोळे उघडले. अशा रीतीने उत्तर त्याने स्वतःच शोधून काढले. पुढे आईबापांकडे परतल्यावर बदकांची पिल्ले तळ्यावर नेण्याचे काम त्याच्याकडे आले. पिल्ले पाण्यात डुंबत असत आणि हा मुलगा चमकदार खडे, शिंपले व किडे गोळा करून खिसे भरी. खिसे फाटत आणि घरी बोलणी बसत. परंतु त्याचा नाद काही सुटला नाही.

पोटासाठी आईबापांना गावोगाव भटकावे लागे. आंरीनेही कधी जत्रेत लिंबे विकली, कधी मजुरी केली. तशा स्थितीत त्याने अभ्यास करून आव्हीन्यों येथील शिक्षक-विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवली आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास कार्पांत्रास गावी तो शिक्षक झाला.

तेथे जमीन मोजण्याचे गणित शिकवण्यासाठी फाब्र आपल्या वर्गाला उघड्या माळावर नेत. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले, की मुले मोजणी सोडून मध्येच खाली वाकतात आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखतात. चौकशी करता कळले, की एक काळी रानमाशी दगडगोट्यांवर मातीची घरटी बांधते आणि त्यांत मध साठवते. त्या दिवशी गुरूही शिष्यांबरोबर मध चाखू लागले. त्या माशीची माहिती मिळवण्यासाठी त्यांनी कीटकांवरील एक मोठा ग्रंथ विकत घेतला. त्यासाठी जवळजवळ एका महिन्याचा पगार खर्च झाला. तरुण संसारी माणसाला ही चैन परवडणारी नव्हती. पण त्या ग्रंथाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली.

1853 साली ते आव्हीन्यों येथे अध्यापक झाले. शिकवणे संपले की त्यांची पावले रानाकडे वळत. जवळच व्हाँतू नावाचा सुमारे 1,900 मीटर उंचीचा पर्वत आहे. वनस्पती गोळा करण्यासाठी तो पर्वत ते वीसहून अधिक वेळा चढले. काही गांधीलमाश्या आपल्या पिलांसाठी किडे पकडून बिळात ठेवतात. ते किडे मेलेले असूनही कुजत कसे नाहीत, हे विद्वानांना एक कोडेच होते. फाब्र यांनी सूक्ष्म निरीक्षण करून दाखवून दिले, की ते किडे मेलेले नसतातच. माशी त्यांच्या शरीरात नेमक्या जागी डंख मारून त्यांना लुळे करते आणि त्यामुळे पिलांना ताजे अन्न मिळते. आपल्याकडे भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशीही आपल्या पिलांसाठी अशीच तरतूद करते.

आव्हीन्यों येथे फाब्र सर्वसामान्य लोकांसाठी विनामूल्य व्याख्याने देत. मुलींनाही विज्ञान कळले पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून फुलांपासून फळे कशी तयार होतात, हे त्यांनी मुलींना समजावून सांगितले. आज हा धडा प्रत्येक शाळेत शिकवला जातो. पण त्या काळच्या सनातनी मंडळींना तो अनाचार वाटला. ईश्वरावर गाढ श्रद्धा असलेल्या या गृहस्थावरच अधर्माचा ठपका आला. घरमालकिणींनी घर सोडण्यास सांगितले. अखेर 1870 साली नोकरी सोडून, बायकामुलांसह त्यांना ते गाव सोडावे लागले. हाती पैसा नव्हता. अशा वेळी प्रसिद्ध इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्ट्युअर्ट मिल हे मदतीस धावले. फाब्र यांच्याबरोबर रानात वनस्पती शोधणाऱ्या या मित्राने कसलाही कागद न लिहवून घेता 3,000 फ्रँक त्यांच्या हाती ठेवले. फाब्र यांनी रात्रंदिवस मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहिली, त्यांवर मोठा संसार चालवला आणि ते कर्ज फेडले.

याहून मोठा आघात पुढेच होता. त्यांचा मुलगा झ्यूल हा फुलांचा व कीटकांचा वेडा होता. रानावनात तो सदैव पित्याच्या बरोबर असे. 1877 साली ऐन किशोरवयात मृत्यूने त्याला ओढून नेले. पित्याचे हृदय विदीर्ण झाले. परंतु दुःख उराशी धरून त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. कीटकांवरील आपल्या महान ग्रंथाचा एक खंड त्यांनी या मुलाच्या स्मृतीस वाहिला आणि गांधीलमाश्यांच्या तीन जातींना त्याचे नाव दिले.

1879 साली सेरिन्याँ गावाजवळ त्यांनी सुमारे अडीच एकरांची जमीन घेतली. ती खडकाळ, काटेरी आणि पिकाला निरुपयोगी होती. तेथील भाषेत अशा पडीक जमिनीला 'हार्मास' म्हणतात. गावकऱ्यांना जी जमीन कवडीमोलाची वाटे, ती फाब्र यांना नंदनवनासारखी वाटली. कारण काटेरी झुडपांवर माश्यांचे थवेच्या थवे येत असत. तेथे त्यांची मुले हीच त्यांची सहकारी झाली. मे महिन्यातील एका सकाळी मोरपतंगाची एक मादी कोशातून बाहेर आली. तिला त्यांनी जाळीखाली ठेवले. रात्री नऊच्या सुमारास लहानगा पॉल ओरडत धावत आला. पाहतात तो घरभर पाखरांएवढे पतंग फडफडत होते! सुमारे चाळीस नर पतंग अंधारातून त्या मादीकडे आले होते. ते वासाच्या मागाने येतात, हे पुढील अनेक प्रयोगांनंतर फाब्र यांनी ताडले. 1959 साली रेशीमपतंगाच्या मादीचे गंधद्रव्य वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले आणि त्यांचे अनुमान खरे ठरले.

एकदा एकामागून एक चालणाऱ्या सुरवंटांची रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली आणि तिचे वर्तुळ बनले. वीतभर अंतरावर अन्न असूनही ते सुरवंट सात दिवस त्याच काठावर फिरत राहिले. पुढच्यामागे डोळे मिटून जाण्याचे फळ काय असते, हे त्या मुक्या प्राण्यांनी दाखवून दिले.

रुमालाएवढ्या छोट्या मेजावर लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1879 ते 1907 या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. चार्ल्स डार्विन यांनीही त्यांच्या निरीक्षणशक्तीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. फाब्र यांना डार्विन यांचा उत्क्रांतिवाद मात्र मान्य नव्हता. तो सिद्धांत पुढे भरपूर पुराव्यांनी सिद्ध झाला. या बाबतीत फाब्र यांची समजूत चुकली. तरीही दोघांमध्ये कटुता आली नाही. मतभेद राखूनही त्यांनी परस्परांना पत्रे लिहिली आणि डार्विन यांनी सुचवलेले प्रयोग फाब्र यांनी करून पाहिले.

कीर्ती उशिरा आली. 1913 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्यांच्या भेटीस सेरिन्याँला आले, तेव्हा फाब्र यांचे वय नव्वदीला टेकले होते. 1915 साली, ऑक्टोबर महिन्यात, आपल्या लाडक्या हार्मासमध्ये त्यांनी देह ठेवला. ते घर व ती बाग आता संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली आहे.

फाब्र यांच्याजवळ धन नव्हते, मोठी प्रयोगशाळा नव्हती. दोन डोळे, अपार धीर, घरच्यांची माया आणि सृष्टिकर्त्यावरील निष्ठा एवढ्याच भांडवलावर त्यांनी कीटकांच्या अद्भुत जगाचे दार सर्वांसाठी उघडून दिले.